जुळे डोळे

मापताईंना कुणी खोटारड्या म्हटलं असतं, तर त्यांनी त्याचं थोबाड रंगवलं असतं. डोळ्यांच्या दवाखान्यात अठरा वर्षं त्यांचं एकच काम. समोरच्याची हनुवटी यंत्रावर टेकवायची आणि डोळ्याचा पुढचा कप्पा मोजायचा, म्हणजे बाहेरच्या काचेपासून आतल्या भिंगापर्यंतची पाण्याने भरलेली जागा. मायनस नंबरवाल्यांचा कप्पा खोल, प्लसवाल्यांचा उथळ. डॉक्टरबाईंना या फरकावर अभ्यास छापायचा होता आणि गाडी अडली होती बिननंबरी डोळ्यांपाशी. ज्याला चष्माच नाही, तो मरायला इथे कशाला येईल? शेवटी बाईंनी फर्मान काढलं की घरची माणसं आणा.

हे ऐकून मापताईंची भावजय आपणहून आली. एकटीच. डावा डोळा ३.१२ मिलिमीटर, उजवा ३.७४. मापताईंनी पुन्हा मोजलं, तेच. चष्मा नाही म्हणजे दोन्ही कप्पे सारखे, हे तर त्यांना झोपेतही पाठ. यंत्राला मेलं दुपारनंतर काय होतं कोण जाणे, असं पुटपुटत त्यांनी उजव्याच्या रकान्यातही ३.१२ लिहून टाकलं. कंटाळ्याच्या दिवशी सगळेच असं करतात.

"काही वेगळं दिसलं का हो, ताई?" भावजयीने विचारलं.

"छे गं! जुळे आहेत, जुळे!"

दोन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी कागद तपासले आणि त्या भडकल्याच. दोन डोळे शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे? असे डोळे देवानेही घडवले नाहीत. बोलवा तिला परत!

या वेळी सोबत नवराही आला, मापताईंचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. ताईंनी त्याला कडेवर वाढवला, घास भरवला, सगळ्या घराचा तो लाडोबा. मुंगी मारायला घाबरतो, असं त्या कौतुकाने चारचौघांत सांगायच्या.

डॉक्टरबाईंनी स्वतः मोजलं. उजवा ३.७४. मग डोळ्यावर भिंग ठेवून आत पाहिलं.

"बुबुळाचं मूळ आतून फाटलंय, म्हणून हा कप्पा खोल झालाय. जुना मार आहे. आणि खाली रक्त साचलंय, ते ताजं. आणखी एक ठोसा बसला, तर हा डोळा गेला म्हणून समजा."

"दार लागलं तिला," लाडोबा हसून म्हणाला. "वेंधळीच आहे."

"दारच ना गं?" मापताईंनी भावजयीला विचारलं. ती हो म्हणू दे, एवढंच त्यांना हवं होतं. आपला भाऊ वाचावा, बाकी जग गेलं खड्ड्यात! लाज वाटावी असा विचार, पण आला खरा.

भावजयीने यंत्रावरची हनुवटी उचलली नाही. नवऱ्याने तिचा दंड धरला. "चल घरी. इथे नाटकं नकोत."

"मी येणार नाही."

दुसरा शब्द निघायच्या आत त्याने तिला कानाखाली ठेवून दिली. तिचं डोकं भिंतीवर आपटलं. त्याने केस धरून तोंड वर केलं आणि मूठ उगारली, नेमकी त्याच डोळ्यावर. मापताई मध्ये घुसल्या. ठोसा त्यांच्या गालफडावर बसला, दात हलला, तोंड रक्ताने भरलं. केवढा सराईत हात होता तो! चुकून बसणारा हात असा नसतो. हे कळलं आणि मापताईंचं डोकंच फिरलं.

त्यांनी लोखंडी स्टूल उचललं आणि त्याच्या कोपरावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. तो कोसळला, तरी त्यांनी दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसऱ्यासाठी स्टूल वर गेलं, ते डॉक्टरबाईंनी मागून हिसकावलं.

"ताई, मी आहे गं! तुझा भाऊ!" तो जमिनीवर लोळत ओरडत होता.

"म्हणूनच!" मापताई किंचाळल्या. "म्हणूनच मारतेय, मेल्या!"

पोलीस आले, त्याला घेऊन गेले. एक जण जबाब लिहायला थांबला. भिंतीवरच्या आपटण्याने डोळ्यात पुन्हा रक्त उतरलं होतं, भावजयीच्या डोळ्यावर पट्टी होती. दृष्टी राहील की नाही, हे आठवड्याने कळणार होतं.

"इतके दिवस तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लास," मापताई रुमालात रक्त थुंकत म्हणाल्या. "एका शब्दाने तरी मला सांगायचंस!"

"तुम्ही त्यांच्या ताई. विश्वास ठेवला असतात?" तिने शांतपणे विचारलं. "म्हणून त्या दिवशी तुमच्यापुढे येऊन बसले. वाटलं, यंत्रात दिसेल. मला सांगावं लागणार नाही."



"मार कधीपासूनचा, काही पुरावा आहे?" पोलिसाने विचारलं.

"आहे," मापताई म्हणाल्या. "लिहून घ्या. दोन महिन्यांपूर्वी माझ्या यंत्रात दिसला होता. मी खोटा आकडा लिहिला. माझं नाव त्यात घाला."