सुभेदारांच्या गाडीचा वास

कृष्णात सुभेदारांच्या मते जगातल्या निम्म्या लोकांची नाकं जरा जास्तच लांब होती, आणि त्यांत पहिला नंबर त्यांच्या बायकोचा, सुलाबाईचा. वर्षभर बाईनं एकच धोशा लावला होता, गाडीत वास मारतोय. कसला वास? गाडी वीस वर्षांची जुनी खरी, पण सुभेदार ती रोज पुसत. अठ्ठावीस वर्षं फौजेत बूट चमकवलेला माणूस, आणि त्याच्या गाडीला वास! ऐकूनच त्यांच्या डोक्यात तिडीक जायची.

दीड महिन्यामागं दोघं सांगलीला लेकीकडं, दीपमालाकडं निघाले होते. सुलाबाई कासेगावपर्यंत नाकाला पदर लावून बसल्या. तिथं मात्र त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकल्या. सुभेदारांनी पाणी तरी द्यावं? ते म्हणाले, "नाटकं बास झाली. बस आत."

सांगलीत पोचल्यावर बाईनं चप्पल काढायच्या आत सांगून टाकलं, "वास जाईस्तवर मी त्या गाडीत पाय ठेवायची न्हाई. आनि घरीबी यायची न्हाई." लेक आईच्याच बाजूनं बोलली. सुभेदार तसेच माघारी फिरले. वाटलं होतं, चार दिवसांत येईल. दीड महिना झाला, बाईचा पत्ता नाही. घर खायला उठलं होतं. हातानं थापलेल्या जाडजूड भाकरी आणि बेचव भाजी चावून सुभेदार वैतागले होते. आताच्या भाज्यांतच राम राहिला नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यात मे महिन्याच्या तोंडावर एसीचा ब्लोअर, वारा फेकणारा पंखा, बंद पडला. गाडीला कंपनीचा एसी नव्हताच, तो मागनं एका स्वस्तवाल्याकडून बसवून घेतलेला. त्याचा काळा डबा डॅशबोर्डखाली, डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या गुडघ्यासमोर लोंबत होता. डब्याला ना जाळी ना झाकण. सुभेदार गाडी घेऊन उंब्रजला हायवेवरच्या बिरदेवाच्या गॅरेजात आले. कामं दोन होती. ब्लोअर दुरुस्त करायचा, आणि बिरदेवाला साक्षीला उभा करायचा.

"हे बघ गड्या," ते म्हणाले, "ब्लोअरची मोटार चालू झाली की मी सांगलीला फोन लावून देतो. काकीला सांगायचं, मी गाडी आतनं-बाहेरनं बघितली, वास न्हाई. माझं ती ऐकंना. मिस्त्रीचं ऐकंल."

बिरदेव आटपाडीकडचा, सडपातळ, बोलायला मोजका. त्यानं डावं दार उघडलं आणि दोन पावलं मागं सरला.

"सुभेदार, गाडीत काय मेलंय का वं?"

"तुलाबी सुलीनं फोन केलता काय रं?" सुभेदार उखडले.

बिरदेवानं तोंडाला रुमाल बांधला, खाली वाकून डब्याचे स्क्रू काढले आणि मोटार ओढली. ती येईना. जोर लावून हिसडा दिला तशी ती पंख्यासकट निसटली आणि मागोमाग काळं, तारेसारखं लोंबणारं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यानं ते धूड ट्रेमध्ये टाकलं आणि पळत बाहेर जाऊन टायरांच्या ढिगाआड ओकायला लागला. शेजारचा चहावाला नानासो ओरडला, "आरं बिरदेवा, काय काडलंस ते! माझं गिऱ्हाईक उठून चाललं की!"

ट्रेजवळ उरले सुभेदार एकटे. शी! काय होतं ते! पंख्याच्या पात्यांत उसाचा पाला, चिंध्या आणि केस यांचा लगदा झालेला. त्यात उंदराची तीन-चार पिलं, वितळून एकमेकांना चिकटलेली. मोठ्या उंदराची शेपूट मोटारीच्या दांड्याला पिळून बसलेली, आणि त्या सगळ्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. म्हणजे ऊसतोडीत शेतातले उंदीर गाडीच्या शेडमध्ये शिरले आणि उघड्या डब्यात नांदले, व्याले, मेले. वर्षभर ह्याच घाणीतून गार वारा येत होता, आणि तो सरळ सुलाबाईच्या तोंडावर.

पण वास? ते खाली वाकले. अळ्या दिसत होत्या, वास नव्हता. आणखी वाकले, छातीभर श्वास ओढला. काही नाही. सकाळच्या रानात उभं राहिल्यासारखं.

बिरदेव तोंड पुसत आला आणि जागीच थांबला. "सुभेदार! आवं त्यात नाक काय घालताय!"

"वास कुठाय रं?"

बिरदेवानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. कोपऱ्यातल्या कॅनमध्ये एक फडकं बुडवलं आणि म्हणाला, "डोळं मिटा." फडकं त्यांच्या नाकाला टेकवलं. "हे काय हाय सांगा."

"वलं फडकं."

"कशानं वलं?"

"पान्यानं. दुसरं कशानं?"

"पेट्रोल हाय वं," बिरदेव हळूच म्हणाला. "कवापास्नं हाय आसं?"

सुभेदार आठवायला लागले. कोरोनात साताऱ्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस होते. तिथनं आल्यावर चहा मचूळ लागला होता.

"जेवनाला चव लागती का?"

"तिखट-मीठ कळतंय की. बाकी सुलीच्या हाताचीच चव..." सुभेदारांचं वाक्य तिथंच अडकलं.

चार वर्षं! चार वर्षं ते तिला म्हणत आले होते, तुझ्या हाताची चव गेली. पावण्यांच्या पंगतीत म्हणाले. दिवाळीला जावयासमोर ताट ढकलून उठले, आणि तिनं खाली बसून सांडलेली आमटी पुसली. ट्रेमधल्या घाणीनं जे झालं नव्हतं ते आता झालं. सुभेदारही टायरांच्या ढिगाआड जाऊन ओकले. इतकी शिसारी त्यांना जन्मात कशाची आली नव्हती.

तोंड धुऊन त्यांनी सांगलीला फोन लावला. साक्षीदार लागला नाही.

"सुले, गाडीत उंदरं मेलती. वास हुता."

"मला म्हाईत हाय." पलीकडून कोरडा आवाज.

"मला वास येत न्हाई गं. कसलाच न्हाई. कोरोनापास्नं. आत्ता कळलं. तुझ्या हाताला काय झालं न्हवतं."

फोन कटला की काय म्हणून सुभेदारांनी दोनदा बघितलं.

"मी रोज भाजी केली की वाटीभर शेजारच्या बयाबाईकडं न्यायची," सुलाबाई म्हणाल्या. "म्हनायची, चाखून सांग बाई, माझ्या हाताला काय झालंय. ती म्हनायची, झ्याक झालीया. मला वाटायचं, माझं मन राखाया म्हनती. चार वर्सं, आवं. दुसऱ्याच्या दारात वाटी घिऊन."

"चुकलं माझं," सुभेदार म्हणाले. असं ते उभ्या आयुष्यात कुणाला म्हणाले नव्हते. "बिरदेव समदं धुऊन द्यायला लागलाय. नवी मोटार बसवतोय. सांजच्याला न्यायला येऊ का?"

"गाडी धुवा, न्हाईतर धुवू नगा." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "उंदराची घान मी सोसली आस्ती. मला किळस गाडीची आली न्हवती, आवं."

फोन ठेवला गेला. बिरदेव नवी मोटार हातात घेऊन उभा होता.

"बसवू का?" त्यानं विचारलं.

सुभेदार कान फोनलाच लावून उभे होते.