पडद्यामागचा हुंदका

इथे कोरियात, आमच्या सोल शहरातल्या संगीत कॉलेजात प्रवेशपरीक्षेला मुली पडद्यामागून गातात, म्हणजे वशिल्याला वाव नको. मी परीक्षक म्हणून बसले होते. सतरा नंबरच्या मुलीनं वरच्या सुराआधी बारीक हुंदका दिला.

शेजारचे प्यो सर फिस्सकन हसले. "ऐकलंत, बान मॅडम? दम पुरत नाही, तो लपवायची युक्ती! कुठल्या बयेनं शिकवली कोण जाणे."

त्याच हुंदक्यावर मी तीस वर्षं रंगमंचावर टाळ्या घेतल्या होत्या आणि आवाज थकल्यावर तोच शेकडो मुलींना शिकवला होता.

"खरंय, भिकार सवय," मी म्हणाले आणि तिला सर्वांत कमी मार्क दिले.

तेवढ्यात अठरा नंबरची मुलगी गाऊ लागली. वरच्या सुराआधी तिनंही हुंदका दिला.