जावयाचं सोनं

मानेतल्या गाठींचा एमआरआय करायला आलेला म्हातारा बाकितबेक साऱ्या ओश शहरात सोन्याचे दात मिरवत फिरायचा.

"अक्सकाल, तोंडात काही लोखंडी नाही ना?" डॉक्टर नुरझातनं, वडीलधाऱ्यांना मारतात ती आदराची हाक मारत, विचारलं.

"ए पोरी, माझा जावई दातांचा डॉक्टर आहे! अस्सल सोनं बसवलंय त्यानं. तू तुझं मशीन सांभाळ!" तो खेकसला.

तपासणी झाली. पडद्यावर जबड्याभोवती हा मोठा काळा डाग पसरला होता आणि त्यात वरच्या गाठी पार गडप झाल्या होत्या. सोन्यानं असं होत नाही, हे नुरझातला पक्कं ठाऊक होतं.

"काय दिसलं?" त्यानं तेच दात विचकत विचारलं.

"गाठी नाही दिसल्या, अक्सकाल. जावई तेवढा दिसला. वर सोन्याचा मुलामा, आत नुसतं लोखंड."