टेलरकाकांची साधना

बायको गेल्यापासून टेलरकाकांची छाती उगाचच धडधडायची. साऱ्या तपासण्या झाल्या, पण कशातच काही निघेना. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, दुखणं मनाचं आहे. ध्यानाच्या वर्गाला जा. चार माणसांत बसलात की बरं वाटेल."

चार माणसं म्हटल्यावर काकांना हुरूप आला. पूर्वी दुकानात मापं घेताघेता ते गिऱ्हाइकांना हसवून बेजार करायचे. वर्गाच्या पहिल्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला आणि वाटेने जाताना दोन-तीन जुने विनोद मनाशी घोकून ठेवले. पण हॉलच्या दारातच शिकवणाऱ्या ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. आत मौन पाळायचं, हा म्हणे पहिलाच नियम!

डोळे मिटून ध्यान सुरू झालं, पण बाकीच्यांची नुसती तगमग चालली होती. कुणी खोकत होतं, कुणी चुळबुळत होतं, कुणी डोळा किलकिला करून घड्याळ बघत होतं. काका मात्र ढिम्म. घरी दिवसचे दिवस ते असेच तर बसून असायचे.

ताई भारावून गेल्या. वर्ग संपल्यावर सगळ्यांना म्हणाल्या, "काकांकडे बघा जरा! याला म्हणतात साधना. किती वर्षांची असेल, कोण जाणे!"

बाहेर पायऱ्या उतरताना काकांनी शेजारच्या गृहस्थांकडे हसून बघितलं. पहिला विनोद अगदी जिभेवर आला होता. तेवढ्यात ते गृहस्थ अदबीने बाजूला झाले आणि बायकोचा दंड धरून कुजबुजले, "त्यांच्याशी बोलू नकोस. त्यांची तंद्री मोडेल."