दोन आंघोळींचा माणूस

"आते तौहिदभो! नाव, गाव, पोटनं काम आनि रिकामा येळनं काम. चार गोष्टी सांग आनि बठ," म्हणत कुंदनने माइक पुढे केला.

कोरीटच्या मळ्यात कबुतरवाल्यांचा वर्षाचा मेळावा भरला होता. मळा कुंदनचा, मंडपही कुंदनचा. लग्नाचे मंडप घालणं हेच त्याच्या पोटाचं काम, त्यामुळे खुर्च्यांना लाल झालरी होत्या आणि मागच्या पडद्यावर चुकून 'शुभविवाह' राहून गेलं होतं. चार गोष्टींपैकी चौथी सगळ्यांची सारखीच. रिकाम्या वेळात तिथला प्रत्येक जण छतावर उभा राहून आभाळाकडे बघत असे. ऐकण्यासारखी असे ती तिसरी. 'ट्रान्सपोर्ट लाइन' म्हणणारा नंदुरबार स्टेशनवर रिक्षा लावायचा, 'शासकीय सेवेत' म्हणणारा एका कचेरीच्या दारात स्टुलावर बसायचा, आणि नवापूरचा दिनेश 'इलेक्ट्रिकल्स'मध्ये होता, म्हणजे जळालेल्या पंख्यांची कॉइल भरून द्यायचा. पोटाचं काम फुगवून सांगायचं आणि ऐकणाऱ्याने टाचणी लावायची नाही, एवढी माणुसकी या मंडळीत होती. कबुतरांच्या बाबतीत मात्र कुणी कुणाचं एक अक्षर खरं मानत नसे.

तौहिद दरवर्षी 'बिझनेस' एवढंच सांगून बसायचा. ज्याच्या बिझनेसला नाव नाही त्याचा बिझनेस एक तर फार मोठा असतो किंवा नसतोच, असं धरून लोक पुढच्याकडे वळत. यंदा तसं झालं नाही. यंदा त्याच्या कलसिरीने, म्हणजे त्याच्या काळ्या डोक्याच्या पांढऱ्या मादीने, स्पर्धा मारली होती. सकाळी उजाडताना वर गेलेली ती दिवेलागणीपर्यंत खाली उतरली नव्हती. तौहिदच्या मांडीवर ढाल होती, आणि ज्याच्या मांडीवर ढाल असते त्याच्याकडे लोक जरा निरखून बघतात.

"बिझनेस," तौहिद म्हणाला.

"कसाना बिझनेस?" मागून दिनेश ओरडला. "मी बी नवापूरनाच शे ना भो! माले माहीत शे तू रोज कोठे जास ते. पोल्ट्रीनं औषध गुपचूप आनानं आनि कबुतरले पाजानं, हाऊच ना तुन्हा बिझनेस?"

मंडप हसला. कुंदनसुद्धा हसला, पण लगेच तोंड पुसून गंभीर झाला.

तौहिदने आयुष्यात पुष्कळ टोमणे गिळले होते. स्वतःवरचा टोमणा त्याला फार लागत नसे. हा कलसिरीवर गेला. तो उठला आणि कुंदनच्या हातातला माइक त्याने जवळजवळ हिसकावला.

"हां, मी पोल्ट्रीमा सुपरवायझर शे," तो म्हणाला. "वीस वरीस व्हयनात. तठे जावाना पहिले घर आंघोळ, तठथीन घर उनू का परत आंघोळ. तठली चप्पल तठेच. तठला एक दाना मन्हा घर उना नही, आनि मन्हा कबुतरना एक पर तठे गया नही. ही कलसिरी बाजरी आनि पानीवर उडनी. ज्याले शंका शे त्यानी मन्हा घर येवानं आनि छतवर चढी देखानं!"

टाळ्या पडल्या. दिनेशनेही टाळ्या वाजवल्या. टोमणा मारणं वेगळं आणि खरं बोलणाऱ्याला दाद न देणं वेगळं. कोणाच्या तरी मोबाइलमध्ये हे सगळं टिपलं गेलं आणि जेवणाच्या पंगती उठायच्या आत ग्रुपवर आलं. कोरीटच्या मंडपात त्या भाषणाने तौहिद निर्दोष सुटला. तेच भाषण नवापुरात पोचलं तेव्हा तो कबुलीजबाब झाला.

कारण पोल्ट्रीचा नियम साधा होता. तिथे कामाला असलेल्या माणसाच्या घरी कोंबडी, बदक, पोपट, कबुतर, काही म्हणजे काही पाळायचं नाही. रोग पाखरांबरोबर येतो. हे तौहिदला कुणी शिकवायची गरज नव्हती. नवापुरात साथ आली तेव्हा प्लॅस्टिकचा झगा चढवून त्याने स्वतःच्या हाताने वाढवलेल्या कोंबड्या खड्ड्यात लोटल्या होत्या. नियम चुकीचा आहे असं त्याला कधी वाटलं नाही. नियम आणि कबुतरं यांच्यामध्ये दोन आंघोळी बसतात, एवढाच त्याचा हिशोब होता, आणि इतकी वर्षं तो जुळला होता.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला तर फाटकावरच्या गोवालने फाटक उघडलं नाही.

"साहेब, आत नका येऊ. शेठ बाहेर येऊन राह्यले."

गोवाल मोलगीकडचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या सदऱ्याला तौहिदला एक तांबडं पीस चिकटलेलं दिसलं होतं; शेडमधल्या कोंबड्या तर सगळ्या पांढऱ्या. झोपडीमागे त्याच्या चार गावठी कोंबड्या निघाल्या. कोंबड्या की नोकरी, ते संध्याकाळपर्यंत सांग, असं तौहिदनेच त्याला याच फाटकात सांगितलं होतं.

शेठ आले. रागावलेले नव्हते, आणि तेच अवघड होतं.

"तौहिद, व्हिडिओ पाहिला तुझा. काय बोलतोस रे! वीस वर्षांत माझ्याशी एवढं कधी बोलला नाहीस."

तौहिदने खाली पाहिलं. गाड्यांची चाकं बुडवायच्या हौदात औषधाचं पाणी संथ होतं.

"आता तूच सांग," शेठ म्हणाले. "मी तुझ्या जागी असतो, तू माझ्या जागी. काय केलं असतंस?"

गोवाल फाटकाची कडी धरून उभा होता. त्याच्यासमोर दुसरं उत्तर देता येण्यासारखं नव्हतं.

"काढला असता, शेठ."

"मी काढत नाही. छत मोकळं कर, थोडे दिवस घरी बस, तपासण्या होऊ दे, मग ये. पण यापुढे तुझ्या छतावर एक जरी पाखरू दिसलं ना, तर मग माझ्याकडे येऊ नकोस. चाकं बुडवली नाहीत तर माझीसुद्धा गाडी माघारी पाठवणारा माणूस तू, पण तुझ्यासाठी मी एवढी शेडं धोक्यात घालू शकत नाही, भाई."

शेठ आत गेले. गोवालने कडी पुन्हा अडकवली. मग म्हणाला, "मी माझ्या कोंबड्या पाटीत घालून जीपनं मोलगीला नेल्या, साहेब. त्या तिथंच राह्यल्या. कोंबडीचं बरं असतं. तिला रस्ता माहीत नसतो."

तो हसला नाही.

घरी त्याच्या बायकोने, हुमाने, सगळं ऐकून घेतलं. नोकरी की कबुतरं, हा प्रश्न तिने विचारला नाही. थोरली नर्सिंगला होती, धाकट्याचे क्लास चालू होते, त्यामुळे त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. भांडी घासता घासता ती एवढंच म्हणाली, "इतने साल नहाते तुम रहे, पानी मैं भरती रही. चलो, मेरा काम तो कम हुआ."

मग हात पुसून तीच छतावर गेली आणि पिंजऱ्यांच्या तळाचे जुने कागद काढायला लागली. तौहिदने ते काम तिला कधीच करू दिलं नव्हतं. त्या दिवशी तो नुसता बघत राहिला.

कबुतरं न्यायला कुंदन मंडपाचा टेम्पो घेऊन आला. पाठीमागे बांबू, कनाती आणि त्यावर रिकाम्या पाट्या. आता कुणी न विचारताही समजावून सांगावी अशी एक गोष्ट या नादात आहे: पिल्लाला नवं छत दाखवलं की ते त्याचं होतं, पण उडून घर धरलेल्या कबुतराला दुसरं घर कधीच पटत नाही. सोडलं की ते निघालंच. म्हणून जुनं कबुतर दुसऱ्याला दिलं तर त्याचे पर, म्हणजे पंखांची पिसं, धाग्याने बांधून ठेवतात. ते चालतं, दाणे टिपतं, अंडी उबवतं, फक्त उडत नाही.

जुन्यांचे पर तौहिदने स्वतः बांधले. कलसिरीचे शेवटी. धागा ना घट्ट ना सैल, पर मोडणार नाही असा.

"जोडीसाठे ठेव हिले," तो कुंदनला म्हणाला. "धागा सोडू नको."

"नही सोडस ना भो. तुन्ही शप्पथ."

"शप्पथ मन्ही काबरं खास? तुन्ही खाय!"

दोघं हसले. टेम्पो निघाला तसे आतले सगळे एकदम घुमायला लागले, आणि गल्लीच्या टोकापर्यंत तो आवाज येत राहिला.

तौहिद पुन्हा कामावर रुजू झाला. छतावर उंच बांबूवर जाळीची चौकट होती, कबुतरं उतरायची ती छत्री. ती तेवढी त्याने काढली नाही. कपडे वाळत घालायला होईल, असं तो हुमाला म्हणाला. एवढ्या उंचीवर कोण कपडे वाळत घालतं, हे हुमाने विचारलं नाही.

एका शुक्रवारी दुपारी, नमाज पढून तो घरी येतोय तोच कुंदनचा फोन आला.

"तौहिदभो, मन्हाकडथीन चूक व्हई गई."

"काय व्हयनं?"

"कलसिरी रोज पत्रावर चढे, उडी मारे आनि खाले पडे. परत चढे. जी दिवसभर आभायमा ऱ्हायनी ती अशी पडे ते मालेच देखाये नही. जोडा बठेल व्हता, अंडा व्हतात. मी म्हनं, अंडा सोडीसन थोडीच जाई. आनि धागा काढी टाका."

"मंग?"

"गई."

तौहिद रागावला नाही. कुंदन इतके दिवस कसा थांबला, याचंच त्याला नवल वाटलं. तो जिन्याने छतावर धावला.

ती आलेलीच होती. गल्लीवर एक फेरी, मग दुसरी, दरवेळी जरा खाली. छत्रीवर उतरायच्या बेतात होती. खाली ओट्यावर पोल्ट्रीत कामाला जाणारे दोघे बसले होते आणि दोघांच्याही माना वर होत्या.

तौहिदने दोरीवरचा काळा कपडा ओढला आणि हवेत फिरवला.

कलसिरीला तो कपडा पाठ होता. तो फिरला की वर जायचं, फिरत असेपर्यंत उतरायचं नाही, हे त्यानेच तिला पिल्लू असल्यापासून शिकवलेलं. ती तशीच्या तशी वर गेली. हाकललं असं तिला वाटलंच नसावं. ती खाली येऊ लागली की तो कपडा फिरवी, ती पुन्हा वर जाई, हुकमाबरोबर. एका हाताने कपडा आणि दुसऱ्या हाताने छत्रीच्या गाठी, असं त्याचं चाललं होतं. चौकट निघाली. बांबू आडवा झाला. आता उतरायला तिथे काही उरलं नव्हतं.

पलीकडच्या गल्लीतून दिनेशने आपला थवा सोडला. तो केव्हाचा बघत असणार. थवा वर आला, एक वळसा घेऊन त्याने कलसिरीला आत घेतलं आणि दिनेशच्या छतावर तिच्यासकट उतरला. दिनेशने जाळं टाकलं.

पकडलेलं कबुतर पकडणाऱ्याचं, ही जुनी रीत. पण ग्रुपमधल्यांनी एक पोटनियम ठेवला होता: आधी ते उंच धरून पुकारायचं. माझं, असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे परत द्यायचं. कुणीच म्हणालं नाही, तर ते कायमचं पकडणाऱ्याचं, मग मागायचं नाही.

दिनेशने दोन्ही हातांनी कलसिरी वर धरली. तिचं काळं डोकं इथूनही दिसत होतं. तिला ओळखत नाही असा माणूस आता त्या दोन्ही गल्ल्यांमध्ये नव्हता.

"तौहिदभो! कोनी शे रे ही?"

आवाजात थट्टा नव्हती. ओट्यावरचे दोघे तौहिदकडे बघत होते.

"मन्ही नही," तौहिद म्हणाला.

"देख, सोची ले. एक डाव नही म्हनं की नही."

"म्हनं ना तुले! मन्ही नही."

दिनेशने हात खाली घेतले. जिंकल्यासारखं त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही. तो वळला, तेवढ्यात तौहिदने पुन्हा हाक मारली.

"दिनेश! कोनी बी व्हवो, लांबथीन येल शे ती. पहिले पानी दे. दाना मंग."

"हां भो," दिनेश म्हणाला. "मी तेच करी ऱ्हायनू."

त्याने परात ठेवली आणि कलसिरीला कडेशी सोडलं. तिने चोच पाण्यात बुडवली ती बराच वेळ वर काढली नाही. तिने मान उचलेपर्यंत तौहिद तिथे उभा राहिला. मग बांबू खांद्यावर घेऊन, जिन्याच्या भिंतीला लागणार नाही असा तिरका धरत, तो खाली उतरला.