आतून कडी असलेला दरवाजा

मी एक जुना पत्र्याचा दरवाजा आहे. म्हणजे होतो, मित्रांनो. आता माझे काय झाले आहे ते कळेलच.

मला घरच्या धन्यानेच घडवले. तो वेल्डर होता. जाड पत्रा, चारही बाजूंनी अँगल, आतून दणकट कडी. "हत्तीनं लाथ मारली तरी हलायचा नाही!" असे तो आल्यागेल्याला सांगे आणि मी फुगून जाई. त्याने मला न्हाणीघराला बसवले. घरातल्या खोल्यांत आतून कडी लागणारा मी एकटाच.

हे मायलेकींना लवकरच उपयोगी पडले. तो पिऊन आला की आधी भांडी आपटी, मग बायकोला. ती लेकीला ओढत माझ्यामागे येई, कडी लावी आणि मला पाठ टेकून बसे. मग माझ्यावर घण पडू लागे. "उघड! मुडदा पाडीन दोघींचा!" एकदा माझा कोपरा फाटला. त्या फटीतून त्याने सळई खुपसली. आईच्या खांद्यातले रक्त माझ्यावरून ओघळले. लेक किंचाळत होती. पण कडी तुटली नाही. स्वतःचेच काम त्याला मोडता येईना!

शेवटी दारूनेच त्याला नेले. न्हाणीघराला प्लॅस्टिकचा दरवाजा आला आणि मी परसात गंजत पडलो. माझ्याकडे कुत्रेही फिरकेना.

मग मोठी झालेली लेक आली. ती भंगारातून शिल्पे करते. तिने बाजूने दिवा धरून माझ्या एकेका पोच्याचा फोटो काढला. आई तापली.

"आपली लक्तरं वेशीवर टांगतेस? मेलेल्या माणसाचं काय उकरायचं?"

"तो मेला गं. पण दार वाजलं की तू अजून दचकतेस."

आई पाठ फिरवून घरात गेली.

लेकीने मला गॅसच्या ज्योतीने कापले, वाकवले, जोडले. उभा राहिलो आणि पाहतो तर काय, मी तोच झालो होतो! तीच मान, तोच उगारलेला हात. ज्यांना वाचवले त्यांच्यासमोर मला मारणारा करून उभे केले. मला फार वाईट वाटले.

आई आली, मला पाहून दोन पावले मागे सरली. मग तिने तिथला घण दोन्ही हातांनी उचलला. पहिला घाव छातीवर बसला, दुसरा तोंडावर. "मार ना! मार आता!" ती ओरडत होती. उगारलेला हात निखळून खाली पडला. जन्मभर मार खाल्ला, पण हाच मला गोड लागला.

"सांधू नकोस," धापा टाकत ती लेकीला म्हणाली. "असाच ठेव. आणि काढ फोटो."

आता प्रदर्शनात मी असाच उभा आहे, चेपलेल्या तोंडाचा, एका हाताचा. मित्रांनो, शेजारी असे दार ठोकलेले ऐकू आले तर 'त्यांच्या घरचं आहे' म्हणून कान झाकू नका. आरडाओरडा करा, मोठ्यांना बोलवा. सगळ्याच घरांत माझ्यासारखा दरवाजा नसतो.