मल्लाप्पांची बुडी

या, असं पुढं सरकून बसा. दाराकडं वारा लागतोय. आज एका तळ्याची गोष्ट सांगते.

नेसरीला, माझ्या माहेरी, मठात कीर्तन असलं की कीर्तनकार बुवांच्या मागं मल्लाप्पा झांज घेऊन उभे असायचे. माझी मैत्रीण मल्लव्वा, तिचे हे यजमान. बुवा केदारनाथाच्या वरच्या बर्फाच्या तळ्याचं वर्णन करायला लागले, की मल्लाप्पांची झांज थांबायची. डोळे मिटून नुसते ऐकत राहायचे. घरी येऊन म्हणायचे, "मल्लव्वा, त्या तळ्यात एक बुडी मारायची हाय."

"तुमी? वैशाखात बंबाचं कढत पाणी लागतंय तुमास्नी!"

"देवाच्या दारात थंडी वाजत न्हाय."

"व्हय, व्हय. शेकोटी घेऊन मी हायच की मागनं."

२००२च्या दिवाळीआधी मल्लाप्पा गेले. त्यांच्या समाजात दहन नसतं, रानात पुरून समाधी देतात. मग अस्थी कुठल्या न्यायच्या? मल्लव्वानं समाधीवरची मूठभर माती फडक्यात बांधली आणि पुढच्या उन्हाळ्यात माझ्या सासरहून, राजारामपुरीतनं निघालेल्या यात्रेच्या गाडीत माझ्या शेजारी येऊन बसली.

"नंदे, त्यांची बुडी राहिलीया," एवढंच म्हणाली.

केदारनाथाचं दर्शन झालं. तिथनं वर, दगडाधोंड्यांतनं, दम खात आम्ही दोघी चढलो. आणि एकदम समोर तळं! हिरवट-निळं, गप्प. कडेला बर्फाचे तुकडे तरंगत होते. खरं सांगते, बुवांच्या कीर्तनातलं तळं याहून मोठं होतं.

मल्लव्वा काठावर बसली. फडकं सोडलं, पाण्यात हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला.

"अयव्वा! हात कापून निघाला की गं!"

"सोड आता माती. हर हर म्हण."

ती मातीकडं बघत राहिली.

"न्हाय नंदे. हितं ठेवून न्हाय जायाची मी त्यास्नी. गारठतील गं."

तिनं फडकं पुन्हा बांधलं, पदराखाली पोटाशी धरलं. आणि माझी पाण्याची बाटली रिकामी करून तळ्यात बुडवली.

नेसरीला परतल्यावर आम्ही रानात गेलो. माती तिनं जागच्या जागी पसरली. मग तीन दगड मांडून जाळ केला, तळ्याचं पाणी पातेल्यात ओतलं, बोट बुडवून बघितलं.

"आणि जरा तापू दे," म्हणाली.

वाफ निघाल्यावर तिनं समाधीवर धार धरली.

"घ्या बुडी. आता वाजत न्हाय न्हवं?"

आणि उत्तर येणार असल्यासारखी बसून राहिली.

तेवढं एक करा. थंडीत कढत पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घ्याल, तेव्हा आमच्या मल्लाप्पांची आठवण काढा.